टाकीचं विरजण

फ्रीझरमधल्या डब्यात एकवीस नळ्या होत्या. बारा असायला हव्या होत्या.

मी पुन्हा मोजल्या. डब्यात पाच ओळी, एका ओळीत पाच घरं. वरच्या ओळीतली डावीकडची चार घरं रिकामी, बाकी सगळी भरलेली. प्रत्येक झाकणावर माझ्याच अक्षरात तारीख, पंचवीस फेब्रुवारी. प्रत्येक नळीत एक मिलिलिटर गोठलेला जिवाणू. एका बॅचला एक नळी फोडायची, असा नियम होता. मार्चपासून त्या सोमवारपर्यंत तेरा बॅच निघाल्या होत्या. तेरा नळ्या कमी व्हायला हव्या होत्या, चारच झाल्या होत्या.

वस्तू कमी भरली तर फुटली म्हणता येतं, कुणी नेली म्हणता येतं. जास्त भरली तर काय म्हणायचं, हे मला सुचेना. दार फार वेळ उघडं राहिलं म्हणून फ्रीझरचा भोंगा वाजायला लागला, तेव्हा मी डबा आत ठेवला. बॅचच्या फाइली काढल्या. तेरा कागद, प्रत्येकावर 'नळी क्रमांक' असा रकाना, आणि त्यात एक ते तेरा आकडे नीट भरलेले. अक्षर मामाचं. खाली सही माझी.

मग पाच ते तेरा या नऊ बॅच कशातून निघाल्या?

आमचा कारखाना पलसाण्याला, हायवेपासून आत, डाइंग मिलांच्या मागच्या बाजूला. आम्ही साबण बनवतो. म्हणजे आम्ही बनवत नाही, जिवाणू बनवतो. रॅम्नोलिपिड त्याचं नाव. जिवाणूला ग्लिसरीन खायला घालायचं, हवा द्यायची, तीस अंशांवर ठेवायचं. तीन-चार दिवसांत तो स्वतःभोवती हा साबण सोडतो. मिलवाले त्याने कोरं कापड धुतात. मागावरचं तेल, खळ, सगळं निघतं आणि नाल्यात गेल्यावर साबण आपोआप कुजून जातो. दोन हजार लिटरची एक टाकी, तिच्या बाजूला बी वाढवायची पन्नास लिटरची लहान टाकी, मागे काचेच्या खोलीत माझी प्रयोगशाळा. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलंय. कारखान्याचा माल तपासणं हे माझं काम. पहिल्या वर्षी नळ्याही मीच फोडत असे. मार्चपासून तपासायचे नमुने वाढले, तेव्हा ते काम मी मामाला शिकवलं.

सुकदेवमामा माझ्या आईचा थोरला भाऊ. लिंबायतला सव्वीस वर्षं पॉवरलूमवर होता. तिथे वॉटरजेट मशीन आली, माणसं कमी केली, आणि मी केयूरभाईंना, म्हणजे आमच्या मालकांना, विचारून त्याला इथे आणलं. लूमने त्याचे कान नेलेले, त्यामुळे तो मोठ्याने बोलतो. साखरेने तळपाय नेलेले. जानेवारीत डॉक्टरांनी त्याच्या पावलांना दहा ठिकाणी नायलॉनचा धागा टोचून पाहिला होता. डोळे मिटून सांगायचं, कुठे टोचलं. मामाने तीन ठिकाणं सांगितली. डॉक्टर म्हणाले, पाय कोरडे ठेवा, उघड्या पायाने फिरू नका, तुम्हाला जखम झाली तरी कळणार नाही.

कारखान्याने गमबूट दिले. पण साबणाच्या फेसावर रबर टिकत नाही. मामा पहिल्याच आठवड्यात दोनदा पडला. मग त्याने गमबूट खिळ्याला टांगले आणि पायाच्या बोटांनी फरशी धरत अनवाणी चालायला लागला. मी एकदा बोलले. तो हसला. मी पुन्हा बोलले नाही.

त्या सोमवारी तो टाकीच्या काचेतून आत बघत उभा होता. डाव्या टाचेला साडीच्या जुन्या काठाची पट्टी बांधलेली.

"जय भीम मॅडम," तो म्हणाला. सकाळचं त्याचं हे ठरलेलं होतं. इतर वेळी मी विशू.

"मामा, नळ्या एकवीस कशा?"

"किती पाहिजेत?"

"बारा."

"मग जास्तच आहेत ना. कमी असत्या तर बोल."

"तू नळ्या फोडत नाहीस?"

तो रसायनांच्या फ्रिजकडे गेला, खाली वाकला, आणि मागून एक स्टीलची बरणी काढली. झाकणाला सुतळी बांधलेली. बरणी मी ओळखली, भागीरथीमामीची ताकाची. त्याने ती दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे केली, लहान मूल दाखवावं तशी.

"तूच तं सांगेल व्हतं," तो म्हणाला, "दह्यासारखं से."

मी सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात, याच जागी. मामा सातवी शिकलेला, आणि मला वाटलं होतं की त्याला समजेल असं सांगावं. मामा, हे दह्यासारखं आहे. नळी म्हणजे विरजण. चमचाभर विरजण पातेलंभर दुधाला पुरतं, तशी एक नळी दोन हजार लिटरला पुरते. तेव्हा तो इतका खूश झाला होता की मीही स्वतःवर खूश झाले होते.

"चौथ्या बॅचला नळी दोन दिवस झोपूनच राहिली," मामा सांगत होता. "फेस नाही, काही नाही. केयूरभाई दर तासाला येऊन विचारायचे, काय झालं, काय झालं. म्हटलं, माझी भाची शिकलेली, तिचं नाव खराब होईल. पाचव्याला मी चौथ्यातलंच लिटरभर काढून ठेवलं होतं, ते घातलं. सहा तासात फेस. तेव्हापासून दर वेळी जुन्यातलं थोडं ठेवतो. विरजण कोणी रोज बाजारातून आणतं का?"

"आणि नळीचा नंबर?"

"रकाना होता, भरला. तू सही केली."

बरणीचं झाकण उघडून मी वास घेतला. गोड वास, जुनी द्राक्षं ठेवल्यासारखा. वरचा थर हिरवट.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. माल इतका वाढला ना विशू, म्हटलं अजून थोडा वाढू दे, मग सांगू." मग त्याने माझा चेहरा पाहिला असावा. "काय व्हयनं?"

"काही नाही. गमबूट घाल."

"घसरीसन पडसू, मंग तूच हसशी."

मी काचेच्या खोलीत आले आणि माझी स्वतःची वही उघडली. माल खरंच वाढला होता. चौथ्या बॅचमध्ये लिटरमागे चार पूर्णांक एक ग्रॅम. आठव्यात सहा पूर्णांक नऊ. तेराव्यात अकरा पूर्णांक आठ. आमच्या जिवाणूबद्दलच्या कोणत्याही शोधनिबंधात इतका आकडा मी पाहिला नव्हता. मी तो आकडा दोनदा अधोरेखित केला होता. आनंदाने.

आणखीही होतं. मे महिन्यात टाकीचा चिलर अकरा दिवस बंद होता. टाकीतलं तापमान एकोणचाळीसवर गेलं होतं. आमचा जिवाणू सदतीसच्या पुढे तगत नाही. फेस थांबला नव्हता. मी लिहिलं होतं, 'काटा तपासून घेणे.' नवव्या बॅचला ग्लिसरीन संपलं, तेव्हा केयूरभाईंनी फरसाणवाल्याकडचं तळून उरलेलं तेल आणून ओतायला लावलं. आमच्या जिवाणूला तेल फोडता येत नाही, त्याच्याकडे तेवढा पाचक रसच नाही. तिसऱ्या दिवशी टाकीत तेलाचा थेंब नव्हता. केयूरभाई टाळी देत म्हणाले होते, "विशाखाबेन, आ तो बधुं खाय छे." सगळं खातो. मी लिहिलं होतं, 'हळूहळू सवय झाली असावी.' फेसाला हिरवी छटा दिसली, तेव्हा लिहिलं होतं, 'तेलाचा रंग?' प्रश्नचिन्हासकट.

प्रत्येक गोष्टीला मी वेगळं कारण शोधलं होतं. चारही गोष्टींना एकच कारण पुरत होतं.

हा साबण सगळ्यांत जास्त बनवणारा जिवाणू आमचा नव्हेच. पुस्तकात पहिलं नाव येतं ते सूडोमोनास एरुजिनोसाचं. तो तेल खातो, बेचाळीस अंशांवर वाढतो, हिरवा-निळा रंग सोडतो, द्राक्षांसारखा वास देतो. पाण्याच्या नळात, मोरीत, ओल्या फरशीवर, कुठेही तो असतो. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. भाजलेल्या कातडीत, डोळ्याच्या ओरखड्यात, साखरवाल्याच्या जखमेत तो घर करतो. म्हणूनच आम्ही त्याची निरुपद्रवी चुलत जात वापरायचं ठरवलं होतं. माल कमी निघाला तरी चालेल, हे वाक्य प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मीच लिहिलं होतं.

पण हे सगळं अंदाज होते. वास म्हणजे पुरावा नाही. रंग म्हणजे पुरावा नाही. मी बरणीतला एक मिलिलिटर घेतला, दहा लाख पट पातळ केला आणि दोन प्लेटवर पसरला. एक तीस अंशांवर ठेवली, एक बेचाळीसवर. आमचा असेल तर बेचाळीसच्या प्लेटवर काही उगवणार नाही. घड्याळात अकरा चाळीस झाले होते. चोवीस तास लागणार होते.

केयूरभाईंना मी ऑफिसात जाऊन सांगितलं. सकाळी मी फाइली चाळत होते, तोवर मामाने चौदावी बॅच लावलीही होती, टाकी भरलेली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मिलमां जाय छे ए माल? जिंदा जाता है?"

"नाही. भरण्याआधी आपण ऐंशी अंशांवर अर्धा तास तापवतो. त्यात काही उरत नाही."

"तो पछी कस्टमर को कुछ नहीं?"

"कस्टमरला काही नाही."

"तो बेन, पक्कुं करीने कहो." पक्कं करून सांगा.

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. माझ्या जागी मी हेच म्हणत होते.

खोलीत परत येऊन मी एक यादी केली. न तापवलेल्या द्रवाला कोण कोण हात लावतं? मी लावते, पण हातमोजे घालून, चार मिलिलिटरला. पॅकिंगवाल्यांकडे तापवलेला माल येतो. मोरी धुणारी बाई संध्याकाळी येते, तोवर फरशीवर ब्लीचिंग पडलेलं असतं. यादीत शेवटी एकच नाव उरलं. मी ते लिहिलं. मग उठून बाहेर जावं आणि त्याला घरी पाठवावं, असं मनात आलं. पण घरी पाठवायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण अजून इन्क्युबेटरमध्ये होतं. मामाने दोन महिने जपलेली वस्तू विषारी आहे असं म्हणायचं आणि उद्या प्लेट कोरी निघायची, हे मला नको होतं. मला खात्री हवी होती.

मंगळवारी सकाळी पावणेसातला टाकी उतू गेली.

चौदाव्या बॅचचा फेस झाकणाच्या कडेने आधी दोरीसारखा आला, मग चादरीसारखा. मी पोचले तेव्हा खोलीभर तो गुडघ्याखाली होता. फेस मारायचं औषध मामाने घातलं होतं, त्याने काही फरक पडला नव्हता. पँट वर दुमडून, अनवाणी, हातात लांब वायपर घेऊन तो फेस मोरीकडे ढकलत होता. आवाज नाही. इतकी मोठी गोष्ट खोलीभर पसरत होती आणि तिचा काही आवाज नव्हता, फक्त बुडबुडे फुटल्याची बारीक सरसर.

"इतला फेस कधी देखेल से का?" तो मला बघून ओरडला. अभिमानाने ओरडला.

"बाहेर ये मामा."

"पाच मिनिटं."

"मामा, बाहेर ये."

"मोरी तुंबली तर तुझ्या खोलीत शिरंल. तू काचेतून बघ."

तो चाळीस मिनिटं आत होता. मी काचेतून पाहिलं. त्याच्या टाचेची पट्टी सुटून फेसात तरंगत होती. एकदा त्याने वाकून ती उचलली, पिळली, आणि पुन्हा बांधली. इन्क्युबेटरवरच्या घड्याळात तेव्हा सात छत्तीस झाले होते. चार तास आणि चार मिनिटं बाकी होती.

अकरा चाळीसला मी प्लेट काढल्या. तीस अंशांच्या प्लेटवर एकशे बेचाळीस वसाहती, सगळ्या एकसारख्या, चपट्या, कडेला फाटल्यासारख्या. बेचाळीसच्या प्लेटवर एकशे एकोणचाळीस. प्लेटखालचा जेलीचा थर हिरवा-निळा झाला होता. झाकण उचलायच्या आधीच वास आला.

केयूरभाईंनी प्लेट हातात घेतली नाही. लांबूनच पाहिली आणि म्हणाले, "उबाळी नाखो. सब." त्यांनी वाद घातला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे.

टाकीत वाफ सोडायला मामानेच व्हॉल्व्ह उघडला. पाइप ठोकल्यासारखा वाजायला लागला.

"सगळं उकळायचं?" त्याने विचारलं.

"सगळं. बरणीसुद्धा."

"बरणी तुझ्या मामीची आहे."

"माहीत आहे."

"काहीतरी वाईट निघालं ना त्यात?"

"हो."

"माझ्यामुळे?"

"आधी पाय दाखव."

तो स्टुलावर बसला आणि पाय माझ्याकडे केला. पट्टी ओली होती. मी हातमोजे घालून ती सोडली. आतल्या बाजूला पट्टी मोरपिसाच्या रंगाची झाली होती.

"साबणाचा रंग लागतो," मामा म्हणाला. "धुतला का जातो."

टाचेवर तीन सेंटिमीटर लांबीची भेग होती. कडा पांढऱ्या, फुगलेल्या. भेगेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत कातडी काळपट आणि चमकदार. मी अंगठ्याने हलकं दाबलं. भेगेतून पू आला, हिरवट.

"दुखतं?"

"दुखस नही."

"इथे?"

"नही."

"इथे?"

"विशू, दुखत असतं तर मी कधीच सांगितलं नसतं का?"

मामीला मी गोडादऱ्याच्या घरून थेट हॉस्पिटलमध्ये यायला सांगितलं. ती रिक्षाने आली, फायली छातीशी धरून. मामाला व्हीलचेअरवर बघून आधी त्यालाच बोलली.

"घरी कधी दूध तापवलं नाही या माणसाने. अन् तिकडे दोन हजार लिटर दही लावत होता म्हणे."

"दही नाही मामी."

"माले काय समजस." मग ती माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात बोलली. मामाला हळू आवाज ऐकू येत नाही. "आठ दिवस झाले, अंथरुणात द्राक्षांचा वास येतो. म्हटलं, चोरून खातो वाटतं. साखर इतकी, अन् चोरून द्राक्षं. मी त्याच्या पिशव्या तपासल्या, खिसे तपासले. भांडली पण. तो म्हणे, अगं ह्या दिवसात द्राक्षं कुठली. तर मी म्हटलं, मग वास कसला? सांग, वास कसला?"

मी तिला सांगितलं नाही. तिने माझ्याकडे बघून घेतलं आणि पुन्हा विचारलंही नाही.

सर्जनने त्याच संध्याकाळी टाच उघडली. भेग वरून तीन सेंटिमीटर होती, आत पोकळी तळव्याच्या कमानीपर्यंत गेली होती. त्यांनी मेलेलं मांस काढलं आणि पुवाचा नमुना तपासायला पाठवला. बाहेर आल्यावर मला आणि मामीला बाजूला घेऊन बोलले. बोलणं स्पष्ट होतं. हाड अजून वाचलंय, पण जेमतेम. मेरोपेनेम नावाचं इंजेक्शन सुरू केलंय, दर आठ तासांनी. त्याने जंतू मेला तर पाऊल राहील. नाही मेला, तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, आणि जंतू वर चढायच्या आत काढावा लागेल. याहून जहाल औषध आहे, पण यांची मूत्रपिंडं आधीच थकलेली, ते द्यायची माझी तयारी नाही. नमुन्याचा अहवाल शुक्रवारी सकाळी येईल. शुक्रवारी ठरवू.

"तुम्ही याच क्षेत्रातल्या ना?" त्यांनी मला विचारलं. "तुम्हाला काय वाटतं, कुठून आला असेल?"

मी सांगितलं. विरजणाचंही सांगितलं, सहीचंही. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "तुमच्याकडे त्याच्या प्लेट असतील, तर फेकू नका."

गुरुवारी मामाला ताप होता, पण तो शुद्धीत होता. पायावर मोठं बँडेज. दुसऱ्या पायाच्या बोटांनी तो चादरीची कडा धरत होता, सोडत होता.

"नळीतला असता तर काय झालं असतं?" त्याने विचारलं. नेहमीसारखंच मोठ्याने. शेजारच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली.

"काही झालं नसतं. तो त्रास देत नाही."

"मग हा कुठून आला?"

"नक्की सांगता येणार नाही. मोरीतून, टँकरच्या पाण्यातून. एखादा बरणीत पडला असेल. तेवढा एक पुरतो."

"अन् मी दर वेळी त्यालाच थोडा राखून ठेवला."

"मे महिन्यात टाकी तापली, तेव्हा आपला मेला असणार. तो नाही मेला. मग तेल घातलं. ते त्यालाच खाता येतं."

मामाच्या पायाची बोटं चादरीच्या कडेवर थांबली.

"म्हणजे मी पोसला. नऊ बॅच."

"कागदावर सही माझी आहे, मामा."

"सही तर तुझी राहणारच, शिकलेली तू आहेस." त्याने हे टोमण्यासारखं म्हटलं नाही. मग थोड्या वेळाने, "लिंबायतला एक ऑपरेटर होता, पाय नव्हता त्याला. लूमवर बसूनच काम करायचा. पण इथे तर फरशी ओली."

मामी खुर्चीतून उठली आणि बाटली भरून आणायला म्हणून बाहेर गेली. बाटली भरलेली होती.

नमुना ज्या प्रयोगशाळेत गेला, तिथे माझ्या वर्गातली अनुजा काम करते. उधन्याला, पहिल्या मजल्यावर. शुक्रवारी सात वाजता मी तिच्या जिन्यात उभी होते. तिने मला आत घेतलं, गाऊन दिला.

"तुला बसून वाट बघायची असली तर बस," ती म्हणाली. "वाचायला मी वाचते."

"नाही. मी बघते."

"मग हात लावू नको. मोजपट्टी मी धरणार."

बुधवारी पुवातून तो उगवला होता. अनुजाने शुद्ध करून एका मोठ्या प्लेटवर गालिच्यासारखा पसरला होता आणि वर औषधांच्या सहा चकत्या ठेवल्या होत्या, खडूच्या तुकड्याएवढ्या, प्रत्येक सहा मिलिमीटर रुंद. औषध चकतीतून जेलीत झिरपतं. जिथवर ते जंतूला मारतं, तिथवर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. गोल मोजायचा आणि तक्त्याशी लावून बघायचा. गोलच नसला, तर चकतीचीच रुंदी लिहितात, सहा. मेरोपेनेमचा गोल एकोणीस किंवा जास्त असेल, तर औषध चालतं. पंधरा किंवा कमी असेल, तर चालत नाही.

अनुजाने प्लेट काळ्या कापडावर उलटी ठेवली आणि दिवा बाजूने लावला. हिरवा गालिचा वर आला.

"सेफ्टाझिडिम," ती म्हणाली. पट्टी लावली. "सहा."

मी लिहिलं.

"सिप्रोफ्लॉक्सासिन. सहा. पिपरासिलिन." तिने पट्टी फिरवली. "आठ. नाही, साडेसात. आठ लिही. जेंटामायसिन, सहा. अझ्ट्रिओनाम, दहा."

खाली रस्त्यावर कापडाच्या ताग्यांचा टेम्पो मागे घेत होते, कुणीतरी 'आववा दे, आववा दे' म्हणत होतं. माझा फोन खिशात थरथरला. मामीचा होता. मी तो घेतला नाही.

"शेवटचा मेरोपेनेम ना?"

"हो."

अनुजाने पट्टी पुसली. चकतीच्या मध्यावरून आडवी लावली, वाचलं. प्लेट नव्वद अंश फिरवली, पुन्हा लावली. मग पट्टी तशीच धरून ती थोडी बाजूला झाली, मला दिसावं म्हणून.

आडवं बारा मिलिमीटर. उभं बारा मिलिमीटर.